चौघे वादक केवळ साथीला नव्हते

माननीय संपादक,

मुंबईत नुकत्याच झालेल्या चेंबर म्युझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांच्या पाश्चात्त्य संगीताच्या, मैफलीची दखल आपल्या दैनिकाने घेतली, याबद्दल मनःपूर्वक आभार. शुमान आणि ब्राम्स या एकोणिसाव्या शतकातील जर्मन संगीतकारांच्या पियानो क्विंटेटविषयी, म्हणजे पियानो आणि चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनांविषयी, मराठी वृत्तपत्रात काही छापून येणे हेच मुळात दुर्मीळ आहे. मात्र त्या वृत्तात एकट्या पियानोवादकाचे नाव होते आणि दोन व्हायोलिन, व्हायोला व चेलो वाजवणाऱ्या चौघांची ‘साथीदार’ म्हणून एका ओळीत बोळवण झाली होती, याचे वाईट वाटले.

शुमान यांनी आपले क्विंटेट 1842 मध्ये लिहिले, ते त्याच वर्षी तीन स्ट्रिंग क्वार्टेट (केवळ चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) पूर्ण केल्यानंतर. त्यामुळे पियानो आला तरी तंतुवाद्यांचे आपसांतले बोलणे थांबत नाही. पहिल्या भागातील दुसरी, हळवी सुरावट चेलो आणि व्हायोला एकमेकांना उत्तरे देत मांडतात, आणि माझ्या मते साऱ्या रचनेतील सर्वांत सुंदर जागा तीच आहे.

ब्राम्स यांच्या एफ मायनर या स्वरपट्टीतील क्विंटेटचा तर इतिहासच बोलका आहे. 1862 मध्ये ते केवळ पाच तंतुवाद्यांसाठी लिहिले गेले, त्यात पियानो नव्हताच. व्हायोलिनवादक योआखिम यांचे त्याने समाधान झाले नाही, म्हणून ब्राम्स यांनी त्याचे दोन पियानोंसाठी रूपांतर केले; तेही शुमान यांच्या पत्नी आणि पियानोवादक क्लारा शुमान यांना अपुरे वाटले, तेव्हा कुठे 1865 मध्ये प्रसिद्ध झालेले आजचे रूप सिद्ध झाले. जे संगीत आधी तंतुवाद्यांनी आणि मग पियानोंनी एकट्याने पेलून पाहिले, त्यात कोणा एकाला मुख्य आणि इतरांना दुय्यम ठरवणार कसे? आरंभीची गंभीर सुरावट पियानो, पहिले व्हायोलिन आणि चेलो मिळूनच वाजवतात. दुसऱ्या, संथ भागाच्या सुरुवातीला पियानो पुढे असतो हे खरे. पण तिसऱ्या भागाची पहिली चाहूल चेलोवादकाने बोटाने छेडलेल्या खर्जातील स्वरांमुळेच लागते.

पाचही वादकांना एकत्र कसून तालीम करावी लागते, कारण समोर कोणी संचालक उभा नसतो आणि परस्परांचा श्वास ऐकूनच लय सांभाळायची असते. तरी यापुढे अशा मैफलींच्या वृत्तात सर्व वादकांची नावे त्यांच्या वाद्यांसह छापावीत आणि परीक्षण लिहिणाऱ्यांनी व्हायोलावादकाच्या कामगिरीबद्दलही चार शब्द आवर्जून लिहावेत, ही नम्र विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, दादर, मुंबई