लघुचित्राची पाठही दाखवा

संपादक महोदय,

रोकोको काळातील (युरोपात साधारण १७२० ते १७७०) व्यक्तिलघुचित्रांवर, म्हणजे माणसांच्या तळहाताएवढ्या चित्रांवर, आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ‘मिनिएचर’ हा शब्द लहान आकारावरून आल्याचे म्हटले आहे. ते बरोबर नाही. मूळ लॅटिन शब्द ‘मिनियम’, म्हणजे आपला शेंदूर. हस्तलिखितांतली अक्षरे शेंदराने रंगवण्याच्या कामावरून हे नाव पडले. ही चूक आम्हाला किरकोळ वाटत नाही. चित्र नुसते लहान आहे असे धरले, की तसबिरीसारखे समोरून पाहून माणूस पुढे जातो. ही चित्रे तळहातावर घेऊन पाहायची, गळ्यात किंवा मनगटावर घालायची होती.

आधी ती वासराच्या कातड्याच्या घोटीव पापुद्र्यावर काढत आणि तो पत्त्याच्या पानावर चिकटवत. व्हेनिसच्या रोझाल्बा कॅरिएराने तपकिरीच्या डब्यांची झाकणे रंगवता रंगवता चित्राखाली हस्तिदंताची चकती वापरणे रूढ केले. १७०५ साली रोमच्या चित्रकारांच्या अकादमीत तिला प्रवेश मिळाला तो कबुतर घेतलेल्या मुलीच्या अशाच चित्रावर. पांढरे कबुतर म्हणजे निरागसपणा. कुत्रा निष्ठेचा, गुलाब प्रेमाचा, हेही तेव्हाच्या पाहणाऱ्याला सांगावे लागत नसे.

हस्तिदंत तेलकट, त्यावर जलरंग धरत नाही. म्हणून पातळ चकती प्यूमिसच्या (सच्छिद्र ज्वालामुखी दगडाच्या) पुडीने घासून तेलकटपणा काढायचा, मग डिंकात कालवलेल्या रंगाचे बारीक ठिपके आणि रेघा. कपड्यांना दाट रंग, चेहऱ्यावर मात्र इतका पातळ की खालचा हस्तिदंतच त्वचेसारखा उजळतो. काही वेळा चेहऱ्यामागे चांदीचा वर्खही लावत.

अर्थाचा मोठा भाग मात्र पाठीवर असतो. तिथे काचेखाली वेणी घातलेले केस सापडतात. ते प्रेमाची खूण असतील किंवा मृताची आठवण. कडेला काळा मिना असेल तर शोक, पांढरा असेल तर बहुधा मूल किंवा अविवाहित व्यक्ती गेलेली; मोती म्हणजे अश्रू. रक्षाकलश आणि विलोचे झाड दिसले तर काळ रोकोकोनंतरचा समजावा.

मुंबईत जुन्या घरांतून हस्तिदंतावरची चित्रे अजून निघतात, बरीचशी एकोणिसाव्या शतकातली, दिल्लीकडची. त्यांच्यासाठी कळकळीची विनंती: ओले फडके लावू नका. रंग फक्त डिंकाने धरलेला असतो, चेहरा पुसून जातो. पावसाळ्यात हस्तिदंत ओल धरून फुगतो, एसीत आकसतो. पुठ्ठ्याला घट्ट चिकटवलेला असेल तर वाकतो आणि उभा तडकतो. म्हणून सिलिका जेलच्या पुड्या टाकून एकदम कोरडे करू नये. आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांवर स्थिर हवी, प्रकाश ५० लक्सच्या (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) आत, म्हणजे मंदच. उन्हात गालांची लाली सर्वांत आधी उडते. काचेच्या आतून बारीक थेंब दिसले तर ते नुसते दव समजू नका. जुनी काच विघटत असते, तिचा क्षार रंग खातो. अशा वेळी चौकट घरी न उघडता संवर्धकाकडे (जुन्या कलावस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाकडे) न्यावी.

संग्रहालयांनी ही चित्रे मांडताना खाली आरसा आणि शेजारी भिंग ठेवावे, आणि पाठीवर काय आहे ते पाटीवर मराठीतही लिहावे. केसांची वेणी असलेली बाजू सध्या मखमलीत दबून राहते.

– लघुचित्रांचे दोन अभ्यासक, माटुंगा, मुंबई