ताप नाही म्हणून

रामबाग, इंदूर

प्रिय बंड्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या घालशील, घाल. आम्ही ठीक, माझं बीपी गोळीवर आहे. लिहितोय ते नानांसाठी. घरात कुणापाशी विषय काढला की एकच उत्तर, "ताप नाही ना, मग काही नाही." माईंच्या वेळी तुमच्याकडे हेच चाललं होतं, म्हणून तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

नानांचं पोट दिवाळीपासून बिघडलंय. आधी सगळ्यांनी सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीवर खापर फोडलं. पण उघड्यावरचं बाधलं तर बहुतेक वेळा काही तासांतच उलट्या होतात आणि एक-दोन दिवसांत माणूस उठून बसतो. रात्रभर बाहेर राहिलेला भातही तेच करतो. त्यातलं विष पुन्हा गरम करून जात नाही, आणि ताप सहसा येतच नाही. नानांचं तसं नाही. रोज सकाळी धावपळ, दिवसभर गुरगुर आणि ताटात अर्धी पोळी तशीच.

मग तुझ्या वहिनीने दूध बंद केलं. वय झालं की कित्येकांना दूध पचत नाही, गॅस होतो, जुलाब होतात. आपली इंदुरी शिकंजीही दुधाचीच, तीही सुटली (काय रुसले होते!). थोडा फरक पडला, पुरता नाही. मग लक्षात आलं की दिवाळीतच शुगरची मेटफॉर्मिन ५०० ची १००० झाली होती. पोट सैल होणं हा तिचा नेहमीचा त्रास. वर ॲसिडिटीचं पातळ औषध नाना मनानेच ओतून घेतात, त्यातल्या मॅग्नेशियमनेही जुलाब होतात. डॉक्टरांनी गोळी हळूहळू विरघळणारी दिली, ते औषध बंद केलं. मला वाटलं, सुटलो.

परवा गॅलरीत चामडं जळल्याचा वास आला. बघतो तर नाना तापवलेल्या खिळ्याने पट्ट्याला नवं भोक पाडत होते. जुन्या भोकापासून चांगलं चार बोटं आत. मेटफॉर्मिनने वजन थोडं उतरतं, पण एवढं? डॉक्टरांनी विचारलं, रक्त पडतं का, काळं होतं का, रात्री झोपेतून उठावं लागतं का? नाना "नाही, नाही" म्हणत राहिले. आई म्हणाली, "रोज रात्री उठतात." हिमोग्लोबिनही खाली आलंय. थायरॉईड, गव्हाची ॲलर्जी, आतड्यातले जंतू, सगळं तपासायला दिलंय. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शन असूनही ताप चढेलच असं नाही, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं. गुरुवारी दुर्बिणीची तपासणी आहे.

आणि नाना नाही म्हणतायत. "मला ताप तरी आहे का?"

तुझ्या नव्या घराचा ताबा मिळाला का? सईची बारावी कशी चाललीय? वहिनींना नमस्कार.

भिया, तू नानांना फोन कर. तुझं ते ऐकतात. पुण्याला जाऊन बिघडलास, पोह्यांवर जिरावन घालत नाहीस, हे आधी अर्धा तास ऐकून घ्यावं लागेल. भांडू नकोस, हो म्हण, मग गुरुवारचं काढ. बुधवारी रात्रीच पोट साफ करायचं औषध घ्यायचंय, तेव्हा फोन त्याआधी व्हायला हवा.

तुझा,
विनू