जुन्या क्रीडा कार्डांची पारख भिंगाखालीच व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘टॉप्स’ कंपनीने १९५२ साली छापलेले मिकी मँटल या बेसबॉलपटूचे एक कार्ड (खेळाडूचे चित्र व माहिती असलेले, संग्राहक जमवतात तसे) ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. अशा विक्रमी किमतींच्या बातम्या ठळकपणे छापल्या जातात. मात्र ज्या किमतीपायी नकलांचा धंदा फोफावतो, त्या नकला ओळखायच्या कशा, याविषयी फारसे लिहिले जात नाही. नवे संग्राहक संगणकाच्या पडद्यावरचे छायाचित्र पाहून पैसे मोजतात आणि फसतात, हे पाहून वाईट वाटते.

वास्तविक दहापट मोठे दाखवणारे साधे भिंगही पुष्कळ काही सांगते. चौरंगी ऑफसेट छपाईत खेळाडूचे चित्र निळ्या, किरमिजी, पिवळ्या व काळ्या ठिपक्यांच्या नियमित जाळीतून उमटते. परंतु नाव, चौकटीच्या काळ्या रेषा आणि मागचा मजकूर हे सहसा सलग शाईत छापलेले असतात, त्यामुळे भिंगाखालीही अक्षराची कड रेखीव आणि पोट भरीव दिसते. नक्कल करणारा संपूर्ण कार्डच स्कॅन करून पुन्हा छापतो, तेव्हा जे अक्षर एकसंध असायला हवे तेही ठिपक्यांत फुटते, त्याच्या कडेला रंगीत कण दिसतात आणि चित्रातली मूळ जाळी गढूळ होते. इंकजेटवर काढलेल्या प्रतीत तर नियमित जाळीऐवजी शाईचे विस्कळीत तुषारच दिसतात.

हा नियम सरसकट लावता मात्र येत नाही. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेली ‘टी-२०६’ मालिकेची कार्डे लिथोग्राफी या जुन्या छपाई पद्धतीने, म्हणजे अशा नियमित चौरंगी जाळीविना छापलेली आहेत. त्यांवर आधुनिक चौरंगी जाळी दिसली, तर तेवढ्यावरूनच कार्ड बनावट समजावे.

म्हणूनच माझा आग्रह तुलनेचा आहे. ‘फ्लीअर’ कंपनीच्या १९८६च्या १३२ बास्केटबॉल कार्डांच्या संचात ५७ क्रमांकाचे कार्ड मायकल जॉर्डनचे आहे आणि नकला मुख्यतः त्याच्याच होतात, त्याच संचातील एखाद्या सामान्य खेळाडूच्या स्वस्त कार्डाची नक्कल करून कोणाला काय मिळणार? असे एक स्वस्त कार्ड जवळ ठेवावे, संशयित कार्ड त्याच्या शेजारी ठेवून दोन्हींची अक्षरे, ठिपके, कागदाचा पोत आणि कडा एकाच भिंगाने पाहाव्यात. विक्रेता यासाठी वेळ द्यायला तयार नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

तपासणी करणाऱ्या कंपनीने श्रेणी देऊन प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेले कार्डही डोळे झाकून घेऊ नये. बेसबॉलपटू होनस वॅगनरचे सर्वांत गाजलेले ‘टी-२०६’ कार्ड छपाईने अस्सल होते आणि त्याला वरची श्रेणीही मिळाली होती. तरीही त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये दिली. जुनी कड भिंगाखाली झिजलेली, तंतू किंचित सुटलेली दिसते. नव्याने कापलेली कड इतर कडांच्या मानाने फारच स्वच्छ असते.

आपल्या वृत्तपत्राने यापुढे अशा लिलावांची बातमी देताना अस्सल आणि बनावट कार्डावरील एकाच अक्षराची मोठी केलेली दोन छायाचित्रे शेजारीशेजारी छापावीत, ही विनंती.

आपला,
एक संग्राहक वाचक