आखाती ‘मौना’विषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अग्रलेखात आखाती देशांना ‘तळ्यात-मळ्यात’ खेळणारे ठरवून आपण मोकळे झालात. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल युद्ध बारा दिवस चालले आणि हे शेजारी निषेधाची पत्रके काढत बसले, असा आपला राग. कचेरीत बसून एवढे शौर्य दाखवायला काही जात नाही म्हणा.

मी कतारच्या राजधानीत, दोह्यात नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. ५ जून २०१७, ऐन रमजान. सौदी, अमिराती, बहारीन आणि इजिप्तने सकाळी सकाळी कतारशी संबंध तोडले. कतारला जमिनीची सरहद्द एकच, ती सौदीला लागून; तीच बंद. दूधदुभते बहुतेक तिकडूनच यायचे. संध्याकाळी परस्पर दुकानात गेलो तर दुधाचे फ्रीज रिकामे, कोंबडी संपलेली, लोक ट्रॉल्या भरभरून तांदूळ आणि पाणी नेताहेत. माझ्या हाती कंडेन्स्ड मिल्कचे डबे लागले. घरात त्याचाच चहा, आणि मुलांची रोजची कुरकुर. मग तुर्की अक्षरांचे दुधाचे खोके आले, भाजीच्या फळीवर इराणी माल आला. इराणने आपले आकाशही कतारच्या विमानांना खुले केले. भाऊबंदांनी दार लावले तेव्हा कोण उभे राहिले, ते दोह्याने आपल्या अग्रलेखासाठी विसरायचे का?

शिवाय कतार आणि इराण दोघांचा वायूसाठा समुद्राखाली एकच. इराणच्या बाजूच्या साउथ पार्सवर इस्रायलने १४ जूनला हल्ला केला. आणि अमेरिकेचा त्या भागातला सर्वांत मोठा लष्करी तळ, अल-उदैद, तोही कतारातच! २३ जूनला इराणने नेमकी तिथे क्षेपणास्त्रे टाकली. कतारने ती जवळजवळ सगळी हवेत पाडली, निषेध केला, आणि उलटा वार न करता युद्धविरामासाठी तेहरानशी बोलणीही केली. याला आपण ‘मौन’ म्हणता, धन्य आहे.

सौदीबद्दल तर बोलायलाच नको. २०१९ मध्ये अबकैकच्या तेलप्रकल्पावर हल्ला होऊन त्यांचे निम्मे उत्पादन बंद पडले. ठपका इराणवर आला, पण अमेरिकेने प्रतिहल्ला केला नाही. मार्च २०२३ मध्ये सौदीने बीजिंगमध्ये इराणशी हातमिळवणी केली ती काय हौसेने? २०२५ मध्ये १३ जूनला इस्रायलचा निषेध करताना इराणला ‘बंधुराष्ट्र’ म्हणणारेही तेच. आपण मात्र सगळ्यांना एकाच काठीने हाकलेत.

अग्रलेखाशेजारच्या नकाशात बहारीन कतारच्या पूर्वेला दाखवले आहे. ते पश्चिमेला आहे. मागेही एकदा नकाशातली चूक मी कळवली होती. ते पत्र आपण छापलेत, पण नेमकी चुकीची ओळ गाळून. हे पत्र कापायचेच असेल तर वरचे चहाचे कापा, नकाशाचे ठेवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, रत्नागिरी