पाणीसाठ्याबरोबर धरणाच्या तब्येतीचेही आकडे द्यावेत

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की कोयना, नवजा आणि महाबळेश्वर येथे किती मिलिमीटर पाऊस झाला, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आहे, आवक किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) आहे आणि सहा वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले आहेत, हे आपल्या दैनिकात रोज छापून येते. पाटण तालुक्यातल्या आमच्या घरी वर्तमानपत्र आले की आधी हा मजकूर वाचला जातो, कारण नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी वर काढायच्या की अजून दोन दिवस राहू द्यायच्या, हे आम्ही त्यावरूनच ठरवतो. एवढ्या निष्ठेने ही माहिती देत राहिल्याबद्दल नदीकाठचा प्रत्येक शेतकरी आपला ऋणी आहे. मात्र पाणी ज्याने अडवून धरले आहे त्या धरणाची स्वतःची प्रकृती कशी आहे, याचा एकही आकडा आम्हाला आजवर वाचायला मिळालेला नाही, आणि त्यासाठीच हे पत्र.

कोयना धरण साठच्या दशकाच्या पूर्वार्धात उभे राहिले. सुमारे १०३ मीटर उंचीच्या या रबल काँक्रीटच्या (मोठे दगड घालून केलेल्या काँक्रीटच्या) भिंतीमागे आज १०५.२५ टीएमसी पाणी साठवता येते आणि त्याच्या जोरावर सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे पाणी नेऊन पोफळी, अलोरे परिसरातली वीजगृहे चालतात. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. संध्याकाळी विजेची मागणी एकदम चढते तेव्हा राज्याला काही मिनिटांत हात देणारा असा दुसरा मोठा जलविद्युत प्रकल्प आपल्याकडे नाही.

याच धरणाने ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपही सोसला आहे. मी त्या वेळी सात वर्षांचा होतो. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी जमिनीखालून जड गाडी जावी तसा गडगडाट झाला, मांडणीवरचे पितळी डबे खणखणत खाली आले आणि वडिलांनी मला गोधडीसकट उचलून अंगणात आणले तोवर मागची भिंत बसली होती. पावणेदोनशेहून अधिक माणसे त्या पहाटे दगावली. धरणाचा आराखडा गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट एवढा आडवा हादरा गृहीत धरून केलेला होता. धरणातल्याच यंत्राने त्या दिवशी ०.६३ पट हादरा नोंदवला. माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जिथे भिंतीचा उतार बदलतो तिथे, भेगा पडल्या, तरी पाणी रोखून धरणे धरणाने सोडले नाही. पुढे सांडव्याखेरीजच्या (जादा पाणी सोडण्याचा भाग वगळून उरलेल्या) भागाला मागून काँक्रीटचे टेकू देण्यात आले आणि सांडव्याचा भाग २००६ पर्यंत मजबूत करण्यात आला. ज्या अभियंत्यांनी आणि मजुरांनी हे काम केले त्यांच्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे.

परंतु जमीन तेव्हापासून शांत झालेली नाही. जलाशयात पाणी चढते-उतरते त्याच्याशी इथल्या धक्क्यांचा संबंध आहे, हे शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. ५ पेक्षा अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त धक्के या परिसराने अनुभवले आहेत, आणि त्यांच्या अभ्यासासाठी गोठणे येथे जमिनीत सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले आहे. धक्का बसला की दुसऱ्या दिवशी बातमीत एक ओळ ठरलेली असते : धरणाला कोणताही धोका नाही. मी त्या ओळीवर अविश्वास दाखवत नाही. पण ती कोणत्या मोजमापावरून लिहिली गेली, हे विचारण्याचा हक्क खालच्या गावांना आहे. मोठ्या काँक्रीट धरणाच्या गॅलरीत, म्हणजे भिंतीच्या आतल्या बोगद्यात, झिरपणारे पाणी मोजले जाते, भिंत किती झुकली ते लंबकावरून पाहिले जाते, पायाखालून वर दाबणाऱ्या पाण्याचा दाब नोंदला जातो. धक्क्याच्या आदल्या दिवशी पाझर किती होता आणि नंतर किती झाला, एवढे सांगितले तरी पुरे. जो शेतकरी टीएमसी आणि क्युसेक अचूक समजतो, त्याला मिनिटाला किती लिटर पाझरते हे समजणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे त्याने बंधनकारक केले आहे, आणि जुन्या धरणांचा आपत्कालीन कृती आराखडा तयार करण्यास पाच वर्षांची मुदत दिली आहे. मी मागच्या वर्षी एका कार्यालयात असा आराखडा आमच्या गावासाठी आहे का, हे विचारायला गेलो. तीन टेबले फिरल्यावर ही माहिती गोपनीय असल्याचे तोंडी उत्तर मिळाले. पहारा कुठे असतो, दरवाज्यांची यंत्रणा कशी चालते, हे गुप्त ठेवावे याला माझी हरकत नाही. मात्र धरणाला काही झाले तर पाणी हेळवाक, पाटण आणि कऱ्हाडला किती तासांत पोहोचेल, भोंगा कुठून वाजेल आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन कोणत्या उंच जागी जायचे, हे ज्याला पळायचे आहे त्याच्यापासूनच लपवले तर तो आराखडा कोणाच्या कामाचा? चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, माणसे झोपेच्या वेळी वाहून गेली. ते मातीचे छोटे धरण होते, त्याची कोयनेशी तुलना करता येत नाही. पण अंधारात कुठे धावायचे हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

म्हणून दोन विनंत्या आहेत. तपासणीचे निष्कर्ष आणि आराखड्यातला गावापुरता भाग मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, यासाठी आपण शासनाकडे पाठपुरावा करावा. आणि येत्या १ जूनला धरणाचे नवे तांत्रिक वर्ष (पाण्याच्या हिशेबाचे वर्ष) सुरू होईल तेव्हा पावसाच्या आणि साठ्याच्या आकड्यांखाली गॅलरीतल्या पाझराचाही आकडा मागून घेऊन छापावा. तो मिळाला नाही, तर ‘माहिती उपलब्ध झाली नाही’ एवढे तरी त्या जागी रोज छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, पाटण तालुका, जि. सातारा