ओवी मळ्यात येण्याआधी

नाशिक, ५ जानेवारी

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

बाळंतपणाला सव्वा महिना झाला की मेघना आणि तुमची तान्ही ओवी येवल्याहून मोहाडीच्या मळ्यात येतील. माझी रजा फेब्रुवारीत, म्हणजे मधले काही आठवडे तुम्हा दोघांनाच काढायचे आहेत. फोनवर सांगायला लागलं की तू ‘हो गं हो’ म्हणतोस आणि बागेत पळतोस, म्हणून लिहून पाठवते. कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेव. पाजायचं काम मेघनाचं. बघायचं आणि मोजायचं काम तुझं.

मोजायचं म्हणजे सगळं नाही. किती मिनिटं प्यायली, सलग किती तास झोपली, शेजारच्या बाळापेक्षा गुटगुटीत आहे की नाही, याच्या वह्या ठेवल्याने आईबापांची झोप जाते, बाळाला त्याचा काही उपयोग नसतो. लघवी, वजन, श्वास आणि ताप, एवढंच मोज. बाकी ओवीकडे नुसतं बघायला शीक.

लघवी दिवसरात्र मिळून सहा वेळा तरी व्हायला हवी, पाण्यासारखी फिकी. तेवढी होत असेल तर दूध पुरतंय, मग कोणी काहीही म्हणो. डायपरमध्ये मोजता येत नाही, म्हणून दिवसा साधे लंगोट वापरा. शीचं मात्र मोजू नका. आईच्या दुधावरचं बाळ सहाव्या आठवड्यानंतर कधी दिवसातून चारदा करतं, कधी पाच-सहा दिवस करतच नाही. झाली ती मऊ असेल, पोट फुगलेलं नसेल आणि ती नीट पीत असेल तर गप्प बसायचं. एरंडेल नको, साबणाची वडी नको.

सहाव्या आठवड्याच्या आसपास घराघरांत एकच नाटक होतं, ते तुझ्या घरी होऊ देऊ नकोस. बाळ संध्याकाळी तासातासाला प्यायला मागतं, आईची छाती आधीसारखी गच्च भरलेली वाटत नाही, आणि कुणीतरी म्हणतं, ‘दूध आटलं हो हिचं.’ आटलेलं नसतं. पहिल्या आठवड्यांत दूध गरजेपेक्षा जास्त बनतं, म्हणून छाती दुखेपर्यंत भरते; पुढे शरीराला अंदाज येतो आणि मागणीइतकंच बनतं. जितकं रिकामं होईल तितकं नवीन तयार होतं, हा सगळा हिशेब. अशा वेळी एक बाटली वरचं दूध दिलं की ओवी तेवढं कमी ओढणार, दुसऱ्या दिवशी तेवढं कमी बनणार, आणि आठवड्याभरात म्हणणाऱ्यांचं खरं होणार. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं हे साधं प्रमाण आहे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणीसुद्धा नको, एप्रिलच्या उन्हातही नको; आईच्या दुधात ८५ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. गुटी आणि ग्राइप वॉटर यांतलं काही लागत नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही: त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंपासून तान्ह्या आतड्यात विष तयार होऊ शकतं आणि बाळ लुळं पडतं.

रडणं ही भुकेची शेवटची खूण. त्याआधी ती मान वळवून तोंड शोधते, मूठ तोंडाकडे नेते, जीभ बाहेर काढते, ओठ चाटते. तेव्हाच मेघनाकडे दे. रडून लालबुंद झालेलं बाळ स्तन नीट तोंडात घेत नाही. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाकडे जास्त दिसणारा, खालच्या बाजूला कमी, असं असलं की पकड बरोबर. मेघनाला दुखत असेल तर पकड चुकली. तिला दात-ओठ खाऊन सोसायला लावू नका, करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा.

आता थंडी. निफाड-दिंडोरीकडची पहाट तुला सांगायला नको. तान्ह्या बाळाला कुडकुडता येत नाही. थंड पडलं की ते ओरडत नाही, गप्प होतं, दूध कमी ओढतं, आणि घरचे म्हणतात किती शांत आहे! म्हणून हाताने तपासायचं. तुझ्या हाताची मागची बाजू तिच्या पोटाला आणि मग तळपायाला लाव. दोन्ही उबदार तर ठीक. पोट उबदार आणि तळवे गार, तर तिला थंडी वाजतेय: एक कपडा वाढव आणि कुशीत घे. दोन्ही गार असतील तर कपडे काढून तिला उघड्या छातीशी घ्यायचं, वरून शाल, आणि तसंच दवाखान्यात. तू घालशील त्यापेक्षा एक कपडा जास्त, हे माप बहुतेक दिवस चालतं. मान आणि पाठ घामेजलेली दिसली तर जास्त झालं, एक कमी कर.

ऊब म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची नाही. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तुम्ही तिघंही झोपेतच राहाल. ओवा-वेखंडाची धुरीही बंद. एवढुशा फुप्फुसांना धूर तो धूरच. आंघोळ दुपारी बारा-एकला, पाणी कोपर बुडवून कोमट लागेल इतकंच, पाच-सात मिनिटांत उरकून लगेच कोरडं करायचं. मालीशवाली बाई येणार असेल तर येऊ दे, हलक्या हाताची मालीश बाळाला आवडते. नाक ओढणं, डोकं दाबून गोल करणं, पाय धरून उलटं टांगणं, छाती पिळणं, नाकाकानात तेल सोडणं, हे मात्र तिला दारातच सांगायचं की आमच्याकडे चालत नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं की न्यूमोनिया होतो. काजळही नको, त्यात शिसं असू शकतं. टाळूवर तेल थापून ती ‘भरत’ नाही. पुढची टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांत आपोआप मिटते. ठोके दिसतात ते दिसू देत. खोल गेली किंवा शांत असतानाही फुगून ताठ दिसली, तर दाखवायची.

झोपवायचं नेहमी उताणं, सपाट गादीवर, उशीशिवाय. मोहरीची उशी आत्याबाई आणतील, ती कपाटात ठेव. तुमच्या दोघांच्या मध्ये गोधडीखाली घेऊ नका. पांघरूण छातीपर्यंत, दोन्ही हात बाहेर. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, म्हणून झोळीत घालाल तेव्हा कोणीतरी समोर असलंच पाहिजे. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ओढून करकचून बांधू नका, मांड्या बेडकासारख्या मोकळ्या राहू देत. नाहीतर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. आणि हे लक्षात ठेव: तान्ह्यांची जवळजवळ निम्मी झोप हलकी असते. त्यात ती कण्हते, तोंड वाकडं करते, हातपाय झाडते. लगेच उचललंस तर तू तिला जागं केलंस. मिनिटभर थांबून बघ, बऱ्याचदा ती पुन्हा खोल झोपते.

रडण्याचं सांगते, कारण तुम्ही घाबराल ते त्यालाच. निरोगी बाळांचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतं. टी. बेरी ब्रेझेल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली आयांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या, तेव्हा त्यांना हेच दिसलं: दिवसाला दोन-तीन तास, तेही संध्याकाळी जास्त. म्हणजे ओवी मळ्यात येईल ती नेमकी या चढावर. मेघनाचं काही चुकतंय म्हणून नव्हे, आणि दृष्ट लागली म्हणूनही नव्हे. भूक, ओला लंगोट, थंडी-उकाडा बघून झालं की एकदा पूर्ण उघडं करून तपास. हातापायाच्या बोटांभोवती आईचा गळलेला केस गुंडाळला जातो आणि बोट सुजतं. करगोटा, मनगट्या, काळा दोराही तसाच रुततो. (दोरा बांधायचाच असेल तर पाळण्याला बांधा.) काहीच सापडलं नाही तर खांद्यावर घेऊन अंधाऱ्या खोलीत एका लयीत फिर. तरी थांबली नाही आणि तुझं डोकं तापलं, तर तिला उताणं ठेवून पाच मिनिटं ओट्यावर जाऊन बस. रडून बाळाला काही होत नाही. गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होतो.

ती बघते काय? आत्ता तिला २० ते ३० सेंटिमीटरवरचं बरं दिसतं, म्हणजे कुशीत घेतलंस की तुझ्या चेहऱ्याइतकं. खेळणी टांगायची घाई नको, तुझा चेहरा पुरतो. पोट भरलेलं आहे, डोळे उघडे आणि चमकदार, हातपाय शांत, ही वेळ दिवसातून काही मिनिटंच येते, ती साध. एखादं वाक्य बोल आणि थांब. तिला उत्तर द्यायला वेळ लागतो: आधी भुवया हलतील, मग तोंड, मग एखादा ‘आऽ’. तुम्ही लोक थांबत नाही, लागोपाठ चुटक्या वाजवता. तिने मान फिरवली म्हणजे ‘आता पुरे’. तिच्या तोंडासमोर पुन्हा पुन्हा जायचं नाही. झोपेतलं हसू वेगळं. तुझ्याकडे बघून, तुझ्यासाठी आलेलं हसू सहा ते आठ आठवड्यांत येतं, म्हणजे ते बहुधा तुझ्याच वाट्याला येणार.

जागी असताना दिवसातून दोन-तीनदा पोटावर घाल, आधी दोन-तीन मिनिटं, तुझ्या छातीवर घेतलीस तरी चालेल. दोन महिन्यांची होईल तेव्हा डोकं थोडं उचलेल, चौथ्यापर्यंत मान धरेल. आवाजाला दचकून दोन्ही हात फाकवते तो जन्मजात प्रतिसाद आहे, चार ते सहा महिन्यांत जातो. दोन्ही हात सारखे फाकतात ना, ते बघ. डोळे अधूनमधून तिरळे दिसणं तीन-चार महिन्यांपर्यंत चालतं. तिसरा महिना संपला तरी हसत नाही, नजरेने पाठलाग करत नाही, मोठ्या आवाजाला दचकत नाही, किंवा मुठी कायम अंगठा आत घेऊन आवळलेल्या आहेत, यातलं काहीही असेल तर ‘होईल हळूहळू’ म्हणायचं नाही, दाखवायचं. बाकी महिन्यांची रेघ दोन-तीन आठवडे इकडे-तिकडे सरकते.

फवारणीचं बोललेलं तुझ्या मनाला लागेल, पण ऐक. द्राक्षांवर भुरी-डावणीच्या रोगांची औषधं मारून किंवा घड जीएच्या (वाढीच्या संजीवकाच्या) पाण्यात बुडवून आलास की आधी बाहेरच्या मोरीत आंघोळ, कपडे बदल, मग ओवी. ते कपडे तिच्या लंगोटांसोबत भिजवायचे नाहीत. फवारणीचा ब्लोअर घराच्या बाजूने चालणार त्या दिवशी दोरीवरचं सगळं आधी आत आणि खिडक्या बंद.

बोरन्हाण यंदा नको. दीड महिन्याच्या बाळावर बोरं-चुरमुरे ओतायचे नसतात, आणि खोकणारी पंधरा माणसं एका खोलीत तर नकोतच. पुढच्या संक्रांतीला हलव्याचे दागिने मी स्वतः करीन.

दीड महिन्याची लस चुकवू नकोस: पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि इंजेक्शन, रोटा, न्यूमोकोकल. तिथेच उघडं करून वजन घ्या. जन्मताना २८०० ग्रॅम होती; पहिल्या दिवसांत घटलेलं वजन भरून आलं की पुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढ, म्हणजे आता साडेतीन किलोच्या आसपास यावी. कार्डावरची रेघ वर चढतेय ना, ते बघ. एका आकड्यावर जाऊ नकोस. मांडीवर इंजेक्शनची गाठ येईल, ती चोळू नका. बीसीजीच्या (क्षयाच्या लशीच्या) जागी दंडावर फोड येऊन पिकेल, त्यालाही काही लावू नका. तापाच्या औषधाचा डोस नर्सताईंकडून कार्डावरच लिहून घे. पॅरासिटामॉलचे थेंब एका मिलीत १०० मिलिग्रॅमचे असतात आणि सिरप पाच मिलीत १२५ चं; सिरपच्या जागी थेंबांची बाटली आली आणि मिली तेवढेच ठेवले की चौपट जातं.

श्वास मोजायचा तो झोपलेली असताना, पोटाकडे बघत, पूर्ण एक मिनिट. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा चालू होणं या वयात चालतं, म्हणूनच अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, नंतर ५० किंवा जास्त आले तर पुन्हा मोज. तेवढेच आले तर निघायचं. हे मोजायला डॉक्टर लागत नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घरोघरी जाऊन घ्यायला शिकवलं, बालमृत्यू घटले, १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आज आशाताई घरी येते ती त्याच वाटेने. तिची ४२व्या दिवसाची भेट असते, तेव्हा तिच्यासमोर एकदा मोजून दाखव.

काखेत ९९.५ फॅरनहाइट किंवा जास्त ताप (लस दिल्यानंतरचा दिवस सोडून), दूध ओढत नाही, हाक-स्पर्श केल्याशिवाय हलत नाही, झटके, बरगड्यांखाली खड्डा पडणं, ओठ निळे, हिरवी उलटी, किंवा प्रत्येक वेळी लांब उडणारी उलटी: यांत औषध देऊन वाट बघायची नाही. डोळे अजून पिवळे असतील किंवा शी पांढरट असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. पित्तनलिकेचा दोष असेल तर ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालेलं चांगलं. रात्री गाडी शोधत बसू नकोस, १०८ ला फोन कर. दिंडोरीचं ग्रामीण रुग्णालय जवळ आहे. तिथून पाठवलं तर नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलचा बालरोग विभाग. वाटेत छातीशी धरून ठेव आणि ओढत असेल तर पाजत राहा.

मेघना पोटभर जेवते का, दुपारी दोन तास झोपते का, तेही बघ. दोन आठवड्यांहून जास्त ती उदास राहिली, रडत राहिली, तर तो हट्ट नसतो. तिला डॉक्टरांकडे ने.

तुझी,
आई

ता. क. डी जीवनसत्त्वाचे थेंब रोज ४०० युनिट, वर्षभर. केमिस्टने दुसरी बाटली दिली तर आधी लेबल वाच: काहींच्या एका मिलीत ४०० असतात, काहींच्या ८००.