भुरीचा पाय आणि आपला मोती

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो

ती. आई-बाबांस,
सा. न.

माझ्या कुत्रीवर, भुरीवर, कॅन्सरच्या नव्या औषधाची चाचणी चालू आहे हे सांगितलं तेव्हा रविवारी फोनवर आई म्हणाली, "मुक्या जिवावर प्रयोग कशाला करू देतेस गं?" आणि बाबा, तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत. तेव्हापासून मनाला चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी भुरीचं सांगते. मागचा डावा पाय खुब्यापासून काढलाय. टाके निघाले, जेवण पहिल्यासारखं आहे, अंगणात तीन पायांवर पळतेसुद्धा. फक्त कान खाजवायचा झाला की खुब्याजवळचा उरलेला भाग भराभर हलतो. पाय कानापर्यंत पोचत नाही. मग ती थांबून माझ्याकडे बघते आणि मी तिचा कान खाजवून देते.

आई, तिला हा रोग कुणी दिलेला नाही. प्रयोगशाळेत उंदराच्या अंगात कॅन्सरच्या पेशी सोडतात, तसं इथे काही नाही. फ्लोरिडातल्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती 2020 च्या अखेरीस बंद झाल्या तेव्हा मी तिला घरी आणलं. ग्रेहाउंडसारख्या उंच, मोठ्या कुत्र्यांना हाडांचा कॅन्सर जास्त होतो, तो तिलाही झाला. गाठ कुठे होती सांगू? गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला. वाढीच्या वयातल्या मुलांना हा कॅन्सर बहुतेक वेळा तिथेच होतो. दोघांतही तो पुढे फुफ्फुसात पसरतो. अमेरिकेत माणसांत तो वर्षाला जेमतेम 1,000 जणांना होतो, कुत्र्यांमध्ये मात्र 10,000 हून जास्त. मुलांवर एखादं औषध तपासायचं तर पुरेसे रुग्ण मिळायलाच कितीतरी वर्षं जातात. कुत्र्यांचं आयुष्य लहान, रोग वेगाने पुढे जातो, त्यामुळे उत्तर लवकर कळतं. शिवाय ती आपल्याच घरात राहतात, आपलंच पाणी पितात, आपल्यासारखीच म्हातारी होतात.

भुरीला नेहमीचे सगळे उपचार मिळतात. केमो चालू आहे आणि त्याच्या जोडीला नवं औषध. सही करण्याआधी डॉक्टरीणबाईंनी फॉर्मचं पान न् पान वाचून दाखवलं, आणि वाटेल तेव्हा बाहेर पडा, त्याने उपचार थांबणार नाहीत, असं दोनदा सांगितलं. नुसता पाय काढला तर अशी कुत्री साधारण चार-पाच महिने जगतात, केमो दिली तर वर्षाच्या आसपास. हे आकडे माहीत असूनच मी सही केली.

याच गावातल्या विद्यापीठात डॉ. स्टीफन विथ्रो यांनी पाळीव कुत्र्यांचा पाय न कापता फक्त रोगट हाड काढायच्या शस्त्रक्रिया बसवल्या. तिथे जे कळलं ते मुलांचे हातपाय वाचवणाऱ्या सर्जनांच्या उपयोगी पडलं. मिफामुर्टाइड नावाचं औषधही आधी अशाच कुत्र्यांना देऊन पाहिलं, आणि 2009 मध्ये युरोपात ते हाडाच्या कॅन्सरच्या मुलांसाठी मंजूर झालं. दरवेळी यश येतंच असं नाही. सिरोलिमस नावाच्या औषधाची चाचणी 324 कुत्र्यांवर झाली. 2021 मध्ये निकाल आला की काहीच फायदा नाही. मला तर ही चाचणी सगळ्यात मोलाची वाटते. जे औषध उपयोगाचं नाही त्यात कुणा आजारी पोराची वर्षं घालवायची वेळ येऊ नये, म्हणून ती 324 घरं आपापली कुत्री घेऊन दवाखान्याच्या खेपा घालत राहिली.

आता बाबा, तुमच्याशी बोलायचंय.

आपला कुत्रा मोती तेव्हा महिनाभर लंगडत होता. डॉक्टर म्हणाले लचक आहे. आई रोज रात्री हळदीचा लेप गरम करून लावायची, मी त्याचं डोकं धरून बसायचे. गुडघ्याच्या वर सूज होती, हाताला गरम लागायची. मग तुम्ही त्याला शेतावर नेलंत आणि बांधावरून उडी मारताना पाय मोडला. "मी नेलं नसतं तर" असं तुम्ही तेव्हा म्हणालात, आणि त्यानंतर घरात कुत्रं आणू दिलं नाहीत.

भुरीचा एक्स-रे डॉक्टरांनी उजेडावर धरला तेव्हा मला मोतीच दिसला. हाड आतून वाळवी लागल्यासारखं पोखरलेलं होतं. मी मोतीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, मोठं कुत्रं, तीच जागा, तशीच सूज, म्हणजे बहुधा हेच असणार. असं हाड साध्या उडीनेही मोडतं, अंगणात मोडलं असतं, पायरीवरही मोडलं असतं. बाबा, तुम्ही त्याला शेतावर नेलंत ते त्याला आवडायचं म्हणून. त्या दिवशीसुद्धा तो लंगडत का होईना, तुमच्या पुढेच धावत गेला होता, मला आठवतंय.

येत्या गुरुवारी भुरीच्या छातीचा एक्स-रे आहे, फुफ्फुसं स्वच्छ आहेत का ते बघायला. झाला की लगेच फोन करते. तुमच्याकडे मध्यरात्र होईल, तरी जागे राहा. आणि बाबा, या वेळी फोन तुम्ही घ्या.

तुमची,
माई